सेकंदाला आठ चित्रं

हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता एखाद्या खोलीत दिवा दिसला, तर दोनपैकी एक गोष्ट नक्की समजावी. एकतर उद्या सबमिशन आहे, नाहीतर आत कोणीतरी ‘फक्त एकच एपिसोड’ म्हणून बसलंय आणि आत्ता त्याचा अकरावा चालू आहे. अस्मादिक फर्स्ट इयरपासून दुसऱ्या गटातले. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचून सोडून द्यावं, ही नम्र विनंती!)

थर्ड इयर संपल्यावर मला जपानमध्ये दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. शिझुओका प्रांतात फुजी नावाचं शहर आहे, तिथल्या एका कंपनीची टेस्टिंग लॅब. अंगात इलेक्ट्रिकलची तीन वर्षं, डोक्यात अ‍ॅनिमेची दहा वर्षं आणि पिशवीत आईने दिलेला दोन किलो चिवडा, एवढ्या भांडवलावर मी निघालो.

परत आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. ‘तिकडं खरंच अ‍ॅनिमेसारखं असतं का रे?’ आणि ‘किती देतात?’ दुसऱ्याचं उत्तर कॅन्टीनमध्ये, चहा पाजणाऱ्याला. पहिल्याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

मोगली जपानी होता

आधी थोडा इतिहास. अ‍ॅनिमे म्हणजे आजकालच्या पोरांचं खूळ, असं माझा मामा म्हणायचा. मी त्याला विचारलं, ‘लहानपणी दूरदर्शनवर काय बघायचास?’ ‘मोगली!’ मामाचे डोळे चमकले. तो मोगली निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओने १९८९ मध्ये बनवलेला. गोष्ट किपलिंगची, जंगल आपलं आणि चित्रं जपानी. मोगली हिंदीत बोलायचा, त्यामुळे कुणाला संशय आला नाही इतकंच. मामा तेव्हापासून गप्प आहे.

आमच्या पिढीला डोरेमॉन आणि शिनचॅन भेटले. २००५-०६ च्या सुमारास ते हिंदी बोलत भारतात आले आणि आमच्याबरोबरच वाढले. (म्हणजे आम्ही वाढलो. नोबिता अजून चौथी-पाचवीतच आहे, आपल्या काही सुपर सीनियर मंडळींसारखा.) नोबिता आणि त्याचे मित्र ज्या मोकळ्या मैदानात खेळतात, तिथं सिमेंटचे तीन जाडजूड पाइप एकावर एक रचलेले असतात, आठवतंय? मला वाटायचं, चित्रकाराला काढायला सोपं म्हणून असतील. पण डोरेमॉन पहिल्यांदा छापून आला तो १९७० च्या उंबरठ्यावर. त्या काळात टोकियो झपाट्याने वाढत होतं, ठिकठिकाणी सांडपाण्याच्या वाहिन्या टाकण्याचं काम चालू होतं आणि मोकळ्या प्लॉटवर असे पाइप पडलेले असायचे. म्हणजे मांजर बाविसाव्या शतकातलं, पण पाइप मात्र खरे!

अ‍ॅनिमेचं हे असंच असतं, हे मला तिकडं गेल्यावर कळलं. गोष्ट कितीही अचाट असू दे, मागे दिसणारा विजेचा खांब, त्यावरचा ट्रान्सफॉर्मर, रेल्वे फाटकाची टणटण, दारातल्या चपला, कढईतली वाफ, सगळं अगदी हुबेहूब. मी फुजीला उतरून स्टेशनबाहेर आलो, तर समोर तारांचं जाळं लोंबणारा खांब. अहो, माझ्या अंगावर काटा आला! जपानमध्ये असे साडेतीन कोटींहून जास्त खांब आहेत, त्यामुळे माझ्याइतकं भाऊक होऊन तिथं कोणी त्यांच्याकडे बघत नाही.

आठ चित्रांचं गणित

बारीकसारीक गोष्टी इतक्या खऱ्या का? याचं उत्तर हौस नसून काटकसर हे आहे. जरा गणित करू.

सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम दाखवते. २४ मिनिटांचा एक भाग धरला तर २४ गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे ३४,५६० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायचं म्हटलं, तर आठवड्याला एक भाग काढणं केवळ अशक्य. १ जानेवारी १९६३ ला ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान अ‍ॅटम’, म्हणजे आपला अ‍ॅस्ट्रो बॉय, जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास. पैसे कमी, माणसं कमी, वेळ तर नाहीच. (ओळखीचं वाटतंय ना? आपलं फायनल इयर प्रोजेक्ट!)

तेझुकांच्या मुशी प्रोडक्शनने मग सगळ्या जुगाडांचा कारखानाच काढला. एक चित्र एका फ्रेमऐवजी तीन फ्रेम दाखवायचं, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ८ चित्रं. माणूस बोलतोय? चेहरा तसाच ठेवा, फक्त ओठ बदला: बंद, अर्धे, उघडे. तीन चित्रांत अख्खं भाषण! माणूस धावतोय? त्याचे पाय तेच, मागचा देखावा सरकवा. मागच्या भागात काढलेलं चित्र जपून ठेवा आणि पुढच्या भागात परत वापरा. या साठ्याला ते ‘बँक’ म्हणत. आपण सीनियर लोकांच्या फायली जपून ठेवतो, त्याला काही नाव नाही, एवढाच फरक.

तत्त्व बघायला गेलं तर व्हिडिओ कॉम्प्रेशनचंच. जे बदललं तेवढंच पाठवा, बाकीचं तसंच राहू द्या. आजही टीव्हीवरच्या बहुतेक अ‍ॅनिमेच्या एका भागात साधारण तीन ते पाच हजार चित्रं असतात.

पण यातून एक गंमत झाली. पात्र हलायचं कमी झालं आणि बघणाऱ्याची नजर मागच्या देखाव्यावर टिकायला लागली. तो देखावा एकदाच काढायचा असतो आणि चांगले चार-पाच सेकंद पडद्यावर राहतो, मग त्यात जीव ओतणं परवडतं. म्हणून त्यांची माणसं खरोखरच्या जागी जातात, शेकडो फोटो काढतात, त्यावरून चित्रं रंगवतात. माकोतो शिनकाई यांच्या ‘युअर नेम’ (२०१६) मधला शेवटचा जिना टोकियोत सुगा देवळाजवळ खराखुरा आहे. अशा जागा बघत फिरण्याला जपानीत ‘सेइची जुनरेई’ म्हणतात, म्हणजे चक्क तीर्थयात्रा! मीही एका रविवारी जाऊन आलो. जिन्यावर फोटोसाठी रांग होती. पुढं-मागं सगळे माझ्यासारखेच, कपाळाला बुक्का नव्हता एवढंच.

हे गणित मला ज्याने समजावलं, तो माणूस मात्र या सगळ्याच्या आतून आलेला होता.

एक चित्र म्हणजे एक भाताचा गोळा

कंपनीचं हॉस्टेल होतं, त्याला ‘र्यो’ म्हणतात. अगदी आपल्यासारखंच: समाईक मेस, समाईक अंघोळीची जागा, आणि दारात एक ‘कान्रिनिन-सान’, म्हणजे आपले रेक्टर आणि वॉचमन यांचं मिश्रण, वय पासष्टीच्या पुढं. माझ्या शेजारच्या खोलीत लॅबमधलाच एक जण राहायचा. वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला सेनपाई म्हणायचो. माझं मोडकंतोडकं जपानी, त्याचं त्याहून मोडकं इंग्रजी आणि मध्ये मोबाइलवरचं भाषांतर, अशी आमची मैत्री.

एकदा मेसमध्ये मी उत्साहाने कुठल्याशा मालिकेबद्दल बोलत होतो. सेनपाई उठला, खोलीतून पातळ कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन आला. त्याने एका कागदावर पेला उचलणारा हात काढला, दुसऱ्यावर तोच हात तोंडाजवळ. ‘हे दोन मोठा चित्रकार काढतो. गेन्गा.’ मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून मधली पाच चित्रं भराभर काढली, बोटांच्या बेचक्यात कागद धरून फडफडवले आणि हात पेला घेऊन वर गेला! ‘ही मधली, दोउगा. मी दोन वर्षं ही काढली.’

जपानी शिकून जे पहिलं अवघड वाक्य मला कळलं ते हे.

टोकियोतल्या एका स्टुडिओत तो नगावर काम करायचा. एका मधल्या चित्राचे साधारण दोनशे येन. महिन्याला तो चारशेच्या आसपास चित्रं काढायचा, म्हणजे ऐंशी हजार येन. त्यातले पन्नास हजार खोलीभाड्याला. दुकानात ओनिगिरी मिळतो, समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा, तो दीडशे-दोनशे येनला. ‘एक चित्र म्हणजे एक ओनिगिरी,’ सेनपाई म्हणाला आणि हसला. मी हसलो नाही. दोन वर्षांनी त्याने पेन्सिल ठेवली आणि इकडं मोटर कंट्रोल पॅनेल तपासायला आला.

मग त्याने लॅपटॉपवर एक जुना भाग लावला. मालिकेचं नाव मी ऐकलेलंही नव्हतं. एका ठिकाणी थांबवून म्हणाला, ‘हे माझं.’ एक म्हातारी खिडकीपाशी चहाचा कप खाली ठेवते. बस्स. तीन सेकंद. मी मनातल्या मनात हिशेब केला: ७२ फ्रेम, तीनला एक, म्हणजे २४ चित्रं. त्याला दोन दिवस लागले होते. शेवटी नावांची यादी आली, तेव्हा त्याने बोटाने दाखवेपर्यंत त्याचं नाव वर सरकून गेलं. आपण ती यादी कधीच बघत नाही. ‘पुढचा भाग’ म्हणून बटण दाबतो.

तेव्हापासून मी ते बटण दाबत नाही.

नदी ओलांडली की फ्रीक्वेन्सी बदलते

आता इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी खास. (बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, व्हायवाला विचारणार नाही.)

पहिल्या आठवड्यात मी फुजी नदीच्या पलीकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक मायक्रोवेव्ह घेतला. स्वस्त! मेसमध्ये सूप असो की भाजी, सगळ्यात माशाचा अर्क असायचा, तेव्हा खोलीत आपला भात गरम करावा, हा विचार. सॉकेटमध्ये पिन घालणार तोच सेनपाई ओरडला, ‘थांब!’ मागच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, ६० हर्ट्झ.

जपानमध्ये सगळीकडे १०० व्होल्ट, पण फ्रीक्वेन्सी दोन. पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. कारण काय, तर १८९० च्या दशकात टोकियोच्या कंपनीने जर्मनीहून ५० ची जनरेटर आणली आणि ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून ६० ची. पुढं दोन्ही जाळी वाढत गेली आणि मग बदलणं कुणालाच परवडेना. आज सीमा साधारणपणे याच फुजी नदीवर आहे. म्हणजे मी मायक्रोवेव्ह खांद्यावर घेऊन पूल ओलांडला आणि दहा हर्ट्झ खाली आलो! फ्लक्स असतो व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात. व्होल्टेज तेच, फ्रीक्वेन्सी ६० ची ५० झाली, फ्लक्स वीस टक्के वाढला, ट्रान्सफॉर्मरचा कोअर सॅच्युरेट, करंट वाढला, आणि माझ्या भाताआधी ट्रान्सफॉर्मरच शिजला असता. मशीन्सच्या सरांनी हे दोन सेमिस्टर शिकवलं. कळलं ते त्या पट्टीवरून. (नवीन उपकरणं बहुतेक दोन्हीवर चालतात. मी जुनं घेतलं, कारण मी आपल्या हॉस्टेलचा.)

आता यातली अ‍ॅनिमेची गंमत. ‘इव्हान्जेलियन’ (१९९५-९६) च्या सहाव्या भागात एका राक्षसी शत्रूला मारायला अख्ख्या जपानची वीज, १८ कोटी किलोवॅट, एका बंदुकीत ओततात. त्या मोहिमेचं नाव याशिमा. सगळ्या देशातले दिवे एकामागून एक विझत जातात. फर्स्ट इयरला हा सीन बघून मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता बघितला आणि मनात आलं, अरे, पण ५० आणि ६० जोडले कसे?

हा प्रश्न नंतर फार खरा झाला. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर पूर्वेकडची कित्येक वीज केंद्रं बंद पडली आणि टोकियोच्या परिसरात आळीपाळीने वीज तोडावी लागली, आपलं लोडशेडिंगच. पश्चिमेकडून मदत आणावी तर मधल्या कन्व्हर्टर स्टेशनांची एकूण क्षमता होती सुमारे १० लाख किलोवॅट. देशाच्या मागणीपुढं चिमूटभर. तेव्हा अ‍ॅनिमे बघणाऱ्या पोरांनी इंटरनेटवरून एकमेकांना दिवे मालवायला सांगितलं आणि त्याला नाव दिलं, याशिमा मोहीम! बंदुकीसाठी नव्हे, रुग्णालयांसाठी आणि निवाऱ्यांसाठी. २०२१ पर्यंत ती क्षमता २१ लाख किलोवॅटवर नेली आहे. टाळ्या वाजवायच्याच असतील तर आता मी या आकड्याला वाजवतो.

पाच वाजताचं गाणं

अ‍ॅनिमेत संध्याकाळ झाली की कुठूनतरी संथ सूर ऐकू येतात आणि पोरं घरी पळतात. मला ते पार्श्वसंगीत वाटायचं. फुजीला पहिल्याच दिवशी संध्याकाळी पाचला खांबावरच्या कर्ण्यातून तसे सूर आले आणि मी रस्त्यातच थांबलो. आपल्याकडं दिवेलागणीला आजी हाक मारायची, तसं तिथं गावच हाक मारतं.

पण कान्रिनिन-सानने सांगितलेलं कारण वेगळंच. हे कर्णे आपत्तीच्या इशाऱ्यासाठी आहेत. भूकंप, त्सुनामी, पूर आला तर यावरूनच सूचना. ऐन वेळी बंद पडू नयेत म्हणून रोज वाजवून बघायचे, आणि रोज भोंगा वाजवला तर लोक वैतागतील, म्हणून गाणं. टेस्टिंगचं याहून गोड उदाहरण मी पाहिलेलं नाही.

जुलैत एका रात्री तुफान पाऊस झाला. दीडच्या सुमारास तोच कर्णा बोलायला लागला. सावकाश, एकेक शब्द तोडून, प्रतिध्वनीसकट. मला त्यातला एकच शब्द कळला, ‘हिनान’, म्हणजे सुरक्षित जागी जा. खरं सांगतो, पोटात गोळा आला. घरापासून इतक्या लांब, बाहेर नदी, आणि शब्द एक! तेवढ्यात दार वाजलं. सेनपाई. त्याच्यामागे कान्रिनिन-सान हातात यादी घेऊन. एकेका खोलीवर जाऊन माणूस बाहेर आला की नावापुढं खूण. आम्ही सगळे वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसलो. कुणी ओरडलं नाही, कुणी व्हिडिओ काढला नाही. मी आईचा चिवडा काढला, तो पंधरा मिनिटांत संपला. पहाटे चारला इशारा मागे घेतला. काहीच झालं नाही.

झोपायला जाताना मी कान्रिनिन-सानना म्हणालो, कर्णा बरोबर वाजला हो. ते म्हणाले, ‘रोज पाचला वाजतो, म्हणून आज वाजला.’

(आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात एक लाल रंगाचा भोंगा आहे. गेल्या चार वर्षांत मी त्याचा आवाज ऐकलेला नाही. रोज नको, पण महिन्यातून एकदा तरी वाजवून बघूया का सर? गाणं आम्ही निवडून देतो.)

पावसावरून शिनचॅन आठवला. त्याचं गाव कासुकाबे, टोकियोच्या उत्तरेला, सायतामा प्रांतात, खरंच आहे. त्या गावाच्या जमिनीखाली, सुमारे पन्नास मीटर खोल, ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. छोट्या नद्यांना पूर आला की जादा पाणी विहिरींतून या बोगद्यात उतरतं आणि पंपांनी मोठ्या नदीत सोडलं जातं. पंपांआधीची टाकी १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच, आत ५९ खांब. २००६ मध्ये हे काम पूर्ण झालं. आत जाऊन बघता येतं. मी गेलो. देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. सिव्हिलवाल्यांनो, शिनचॅन बघताना यापुढं त्याच्या पायाखाली काय आहे तेही लक्षात ठेवा.

जाऊन येतो

भाषेबद्दल थोडं, कारण ज्युनिअर मंडळी विचारतात. जपानी भाषेची परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत असते, एन-५ सगळ्यात सोपी. पुण्याला केंद्र आहे. मी एन-४ देऊन गेलो होतो आणि ते कमी पडलं. लिपी छळते, पण व्याकरणात आपण मराठी लोक नशीबवान. कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम, प्रत्यय शब्दाच्या मागे, आणि वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावलं की आपलं ‘ना’. ‘आत्सुई ने’, म्हणजे ‘उकडतंय ना’. इंग्रजीतून जपानी शिकू नका, मराठीतून शिका.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दारात सापडतं. अ‍ॅनिमेत घरातून निघताना प्रत्येक जण ‘इत्ते किमासु’ म्हणतो. इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचा अर्थ ‘निघतो’ असा काहीतरी दिलेला असतो. पण ‘इत्ते’ म्हणजे जाऊन आणि ‘किमासु’ म्हणजे येतो. जाऊन येतो! घरातून निघताना ‘जातो’ म्हणालो की आजी दटावायची, ‘येतो म्हणावं.’ घरचे उत्तर देतात, ‘इत्ते राश्शाई’, जाऊन ये. आल्यावर ‘तादाइमा’, आलो. ‘ओकाएरी’, आलास का. कान्रिनिन-सान रोज सकाळी बावीस जणांना बावीस वेळा ‘इत्ते राश्शाई’ म्हणायचे.

सेनपाई एकदा बोलून गेला, टोकियोत एकटा राहायचा तेव्हा रात्री खोलीचं दार उघडून तो ‘तादाइमा’ म्हणायचा. आत कोणीच नसायचं. सवय, म्हणाला. अ‍ॅनिमेत ‘तादाइमा’ला नेहमी उत्तर येतं.

रविवार, साडेसहा

नवव्या आठवड्यात कंपनीने विचारलं, डिग्री झाल्यावर येणार का? आधी एन-३ पास व्हायचं, आणि उत्तर महिन्याभरात कळवायचं. मी हवेत. आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘तिकडं आजारी पडलास तर कोणाशी बोलशील?’ पगार, पोस्ट काही नाही, हा प्रश्न. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी मेसमधल्या टीव्हीवर ‘साझाए-सान’ लागलं. एका साध्या कुटुंबाची गोष्ट, १९६९ पासून दर रविवारी चालू, जगातली सगळ्यात जास्त वर्षं चाललेली टीव्ही कार्टून मालिका म्हणून गिनीज बुकात नोंद. वेळ साडेसहा. मी खुशीत बघत होतो. आजूबाजूला बघितलं तर मेसमधले चेहरे उतरत चाललेले. सेनपाईने सांगितलं, याला ‘साझाए-सान आजार’ असं नावच आहे. हे सुरू झालं की रविवार संपला, उद्या कामावर जायचं, या विचाराने पोटात खड्डा पडतो. कामाचे तास हा तिथला जुना दुखरा विषय. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला त्यांच्याकडं ‘कारोशी’ असा शब्द आहे. २०१९ पासून कायद्याने ओव्हरटाइमला सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ तासांची मर्यादा आहे, पण मनातली धास्ती कायद्याने जात नाही.

मी सेनपाईला सरळ विचारलं, येऊ का? तो म्हणाला, ‘घरी गेल्यावर चार रविवार बघ. संध्याकाळी साडेसहाला तुला काय वाटतं ते बघ. लॅब आठवते की सुगा देवळाचा जिना आठवतो?’

परत येऊन मी खरंच चार रविवार मोजले. आपल्या हॉस्टेलवर रविवारी रात्री मेस बंद असते, म्हणून साडेसहाला आम्ही वडापावच्या गाडीवर असतो. पहिल्या रविवारी जिना आठवला. दुसऱ्या रविवारी कर्णा. तिसऱ्या रविवारी, का कोण जाणे, यादीवर खुणा करणारे कान्रिनिन-सान. चौथ्या रविवारी लॅबमधलं पॅनेल नंबर सात आठवलं, ज्याची टेस्ट मी अर्धवट सोडून आलो होतो, आणि हातातला वडापाव तसाच राहिला.

सोमवारी मी हो कळवलं. नंतर डिसेंबरात एन-३ दिली आणि ती सुटली. आईच्या प्रश्नाचं उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही, पण तिला एवढं सांगितलं की शेजारच्या खोलीत एक माणूस आहे, जो दार वाजवतो. ती म्हणाली, मग त्याच्यासाठी चिवडा जास्तीचा ने.

तर मित्रांनो, अ‍ॅनिमेसारखं असतं का? पाइप, खांब, कर्णे, दारातल्या चपला, सगळं तसंच असतं. फुजी पर्वत मात्र पडद्यावर रोज दिसतो, मला दहा आठवड्यांत अकरा वेळा दिसला. आणि पडद्यावरच्या दोन चित्रांच्या मधली जी चित्रं कुणीतरी रात्रभर बसून काढतो, ती जगायला गेल्यावर आपल्यालाच काढावी लागतात. ती काढायची तयारी असेल तर जरूर जा. नसेल तर खोलीत बसून बघा, त्यातही काही वाईट नाही. फक्त शेवटची नावं संपेपर्यंत बटण दाबू नका.

जपानमध्ये नोकरीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, माझं पुढच्या एप्रिलमध्ये. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आम्हा फायनल इयरवाल्यांच्या खोल्या रिकाम्या होत असतील. माझ्या कपाटात जुन्या फायलींची ‘बँक’ आहे, ती ज्युनिअरने घेऊन जावी.

जाऊन येतो!